घर आणि मळा : दूरदेशीच्या लग्नाला निघताना



लग्नाला जाणे आपल्याला नवे नाही. लग्नसराईत सटाण्याच्या बसस्थानकावर घटकाभर उभे राहिले तरी नामपूर, ताहाराबाद, देवळा, कळवणकडे निघालेली माणसे आहेराच्या पिशव्या घेऊन उभी दिसतात. सकाळी निघायचे, अक्षता टाकायच्या, पंगतीला बसायचे आणि धारेच्या वेळेला घरी परतायचे. एखादी गाडी चुकली तर मागची मिळते. फार तर अक्षता चुकतात, पंगत चुकत नाही.

पण आता आपल्या घरांतली मुले कृषी महाविद्यालयात शिकतात. त्यांचे सोबती पुढे परदेशी जातात, तिथेच नोकरीला लागतात आणि कधी कधी लग्नही तिथेच ठरते. मग एके रात्री फोन येतो, "वहिनींना घेऊन यायचंच. सबबी सांगायच्या नाहीत." मैत्री जिव्हाळ्याची असते, नाही म्हणवत नाही. आणि हो म्हणावे तर दोन-तीन विमाने बदलून जायचे. सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. आज त्याचाच विचार करू.

उदाहरण डोळ्यांपुढे असले की बोलणे सोपे जाते. समजा, हा मित्र न्यूझीलंडमध्ये टे पुके या गावी किवी फळाच्या बागेत कामाला आहे. किवीसाठी हे गाव नावाजलेले आहे, जसे द्राक्षांसाठी आपले पिंपळगाव. जवळचे विमानतळ टौरंगा. मुंबईहून आधी सिंगापूर, तिथून ऑकलंड आणि ऑकलंडहून लहान विमानाने टौरंगा, असा एक नेहमीचा रस्ता आहे. म्हणजे विमाने तीन. त्याआधी सटाणा ते मुंबई हा आपला रस्ता वेगळाच.

पहिला प्रश्न असा, की जावे की न जावे?

दूरच्या सोहळ्याला जाण्याचा हा प्रश्न आजचा नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि इंग्लंडमार्गे ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. बंदरावर त्यांना घ्यायला आल्या होत्या त्या कार्पेंटरबाई. तोवर या दोघींची ओळख फक्त पत्रांतून होती. पुढे ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक महासागर ओलांडून गेल्या. सोबत लेक मनोरमा, तिला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. रमाबाई आणि आनंदीबाई नात्याने लांबच्या. पण आपल्यातली एक मुलगी डॉक्टर होते आहे, तिथे आपले माणूस उभे असले पाहिजे, म्हणून त्या गेल्या. त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्याला वारल्या. वय अवघे एकवीस. 'पुढे कधी तरी भेटू' असे म्हणून रमाबाई थांबल्या असत्या, तर तो दिवस त्यांना पुन्हा मिळाला नसता.

तेव्हा जाण्याला मोल आहे, हे खरेच. पण त्याला दुसरी बाजूही आहे. दोघांचे तिकीट, व्हिसा, कपडे, आहेर असा सगळा खर्च लाखांत जातो. सोसायटीचे कर्ज थकले असेल, औषधांच्या दुकानाची उधारी डोक्यावर असेल, तर त्यात हा खर्च घालू नका. कर्ज काढून लग्नाला गेलात तर मित्रालाही ते रुचणार नाही. जो खरा मित्र आहे, त्याला फोनवर मोकळेपणाने सांगा. दोघांऐवजी एकाने जाणे हाही मार्ग आहे.

हंगाम पाहा. न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलट. तिकडे जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळा असतो, आणि किवीची तोडणी मार्चपासून सुरू होते. त्यामुळे तिकडच्या बागेतला माणूस लग्न जानेवारी-फेब्रुवारीतच धरणार. आपल्याकडे त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची लागवड, रांगड्या कांद्याची काढणी, आणि कुणाची द्राक्षे काढणीवर. म्हणून जायचे ठरवण्याआधी घरात बसून एक गोष्ट पक्की करा : मागे कोण राहणार? रात्रीच्या विजेवर पाणी कोण भरणार, जनावरांचे कोण पाहणार, व्यापारी बांधावर आला तर भाव कोण ठरवणार? धाकटा भाऊ किंवा भावजय 'जा तुम्ही' म्हणाली, तर ते तोंडदेखले आहे की मनापासून, हेही ओळखा.

जायचे ठरले की कागद. पासपोर्ट नसेल तर तो पहिला. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही, नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, आणि चौकशी आपल्याच पोलीस ठाण्यातून होते. पासपोर्ट असेल तर त्याची मुदत पाहा. संपायला निदान सहा महिने बाकी असावेत, अशी अट पुष्कळ देशांची असते. आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. हे आधी सरळ करून घ्या. विमानाचे तिकीट पासपोर्टवरच्या नावाने, अक्षरन् अक्षर तसेच निघाले पाहिजे.

मग व्हिसा, म्हणजे त्या देशात शिरण्याची परवानगी. अर्ज तपासणाऱ्याला मुख्य शंका एकच असते : हा पाहुणा परत जाईल ना? नोकरदार पगाराची पावती दाखवतो. आपण काय दाखवणार? आपला सातबारा दाखवायचा. जमीन, घर, मुलेबाळे मागे आहेत, हाच आपला परत येण्याचा पुरावा. सोबत बँकेचे खातेउतारे, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या, लग्नाची पत्रिका आणि मित्राचे निमंत्रणाचे पत्र जोडा. मराठी कागदांचे रीतसर इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. आणि व्हिसा मिळेपर्यंत, पैसे परत न मिळणारे तिकीट कितीही स्वस्त दिसले तरी घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, विमाने बदलण्याची.

पाइपलाइन टाकलेला कोणीही सांगेल, की पाइप सहसा दगा देत नाही, गळती होते ती जोडावर. दूरच्या प्रवासाचेही तेच. विमानात बसल्यावर तुम्हाला काही करायचे नसते, ते पोचवतेच. प्रवास फसतो तो एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसताना. म्हणून जोड किती आणि कसे, हे पैशांआधी पाहा.

थांबा आणि जोड यांत फरक आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. ते थांबे होते, विमान तेच होते. एस.टी. चांदवडला थांबली तर आपण जागेवरच बसून राहतो, तसे. पण उतरून दुसरी गाडी धरायची असली की तो जोड झाला. आपल्या उदाहरणात जोड तीन आहेत : मुंबई, सिंगापूर आणि ऑकलंड.

पहिला नियम, तिन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. रेल्वेसारखाच विमानालाही पीएनआर असतो, तो सगळ्या टप्प्यांना एकच असावा. मग पहिल्या विमानाला उशीर झाला आणि पुढचे निघून गेले, तर तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवून देणे हे विमान कंपनीचे काम होते. तीच विमाने सुटी सुटी, वेगळ्या तिकिटांवर घेतली तर चार पैसे वाचतात. पण एक चुकले की पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. ते तिकीट गेले, नवे त्याच दिवशीच्या चढ्या भावाने घ्यायचे. शिवाय अशा वेळी मधल्या गावी पेटी घ्यायला बाहेर यावे लागते, आणि बाहेर यायचे तर त्या देशाचाही व्हिसा लागू शकतो. सिंगापूरला एकाच तिकिटावर आत बसून राहणाऱ्या आपल्या माणसाला व्हिसा लागत नाही, बाहेर पडणाऱ्याला लागू शकतो. ऑस्ट्रेलियामार्गे गेलात तर विमानतळाबाहेर न जातासुद्धा 'ट्रान्झिट' व्हिसा काढावा लागतो. त्याला फी नाही, पण तो नसला तर मुंबईतच अडवतात. म्हणून तिकीट काढून देणाऱ्याला स्पष्ट विचारा, "मधल्या गावी आम्हाला व्हिसा लागतो का?"

दुसरा नियम, मधला टप्पा आपल्या मनाने गाळू नका. ऑकलंडहून मित्राच्या गाडीने जाऊ, टौरंग्याचे विमान सोडून देऊ, असे वाटेल. पण तिकिटातला एक टप्पा न कळवता सोडला की पुढचे सगळे टप्पे, परतीचे धरून, रद्द होऊ शकतात.

तिसरा नियम, जोडाला सैलपणा ठेवा. सिंगापूरला तीन-चार तास मिळाले तर चांगलेच. ऑकलंडला त्याहून जास्त हवेत. कारण तो देशात शिरण्याचा पहिला टप्पा. पेटीवर टौरंग्याची चिठ्ठी लावलेली असली तरी ती ऑकलंडला आपणच उचलायची, पासपोर्ट दाखवायचा, सामानाची तपासणी करून घ्यायची आणि पुन्हा ताब्यात द्यायची. देशातल्या विमानांची इमारतही तिथे वेगळी आहे, चालत दहाएक मिनिटांवर.

आणि सगळ्यांत कच्चा जोड कुठला, तर आपला पहिलाच. सटाण्याला रेल्वे नाही, ती गाठायची तर मनमाडला जायचे. रस्त्याने मुंबई अडीचशे किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे, हे धरून घर सोडा. रात्रीचे विमान असेल तर दुपारी बाराला निघा. मुंबईत नातेवाईक असतील तर आदल्या दिवशीच जाऊन राहा, त्याहून बरे.

आता दिवसांचा हिशोब. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर ते ऑकलंड सुमारे दहा तास, पुढे टौरंगा तासाच्या आत. मधले थांबणे आणि आपला रस्ता धरून दीड दिवस होतो. तिकडचे घड्याळ त्यांच्या उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. म्हणजे सोमवारी दुपारी सटाण्याहून निघालेला माणूस तिथल्या बुधवारी सकाळी पोचेल. लग्न शनिवारी असेल तर गुरुवार आणि शुक्रवार हे दोन दिवस हाताशी राहिले. एखादे विमान चुकले तरी अक्षतांना तुम्ही हजर. काही बिघडले नाही, तर त्या दोन दिवसांत झोपेची घडी बसते आणि लग्नघरच्या कामाला हात लावता येतो. शुक्रवारी पोचणारे तिकीट स्वस्त पडले तरी घेऊ नका. लग्नाची तारीख आपल्यासाठी पुढे जात नाही.

सामानाकडे वळू. इथे शेतकऱ्याने विशेष जपायला हवे.

न्यूझीलंड हा शेतीवर आणि दुधावर जगणारा देश. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून तिथे फार कडक तपासणी असते. २०१० साली टे पुकेच्या भागात किवीच्या वेलींवर 'पीएसए' नावाचा जिवाणूजन्य रोग दिसला आणि सोनेरी किवीच्या बागाच्या बागा तोडाव्या लागल्या. तेल्याने डाळिंबाच्या बागा उपटायची वेळ काय असते, हे बागलाणला सांगायला नको. जनावरांचा लाळ-खुरकूत रोग तर त्या देशात आजवर आलेला नाही, तो येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून जपतात.

म्हणून पेढे, खवा, तूप, मध, ताजी फळे, बी-बियाणे, रोपे यांतले काही नेऊ नका. आईच्या हातचे लोणचे, चटणी, मसाला असे काही नेलेच तर आधी लिहून जाहीर करा. प्रवास सुरू होण्याआधीच्या २४ तासांत एक फॉर्म इंटरनेटवर फुकट भरायचा असतो, त्यात हे विचारतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. पण न सांगता बॅगेत एक सफरचंद राहिले तरी ४०० न्यूझीलंड डॉलर जागेवर दंड होतो.

त्याच फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो, गेल्या ३० दिवसांत तुम्ही शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता का? आपण तर तिथेच राहतो. 'हो' असेच लिहा, लपवू नका. मळ्यात घातलेले बूट-चपला नेऊच नका. न्यायचेच असतील तर तळव्यांच्या खाचांतली माती ब्रशने काढून, धुऊन, वाळवून न्या. आपली माती आपल्याला प्यारी, पण तिच्यातून रोग जाऊ शकतो, हे शेतकऱ्याला पटायला जड नाही.

मग आहेर काय न्यायचा? येवला आपल्याच जिल्ह्यातले. पैठणी वजनाला हलकी, घडीत बसणारी, आणि कुठल्याही तपासणीत न अडणारी. तांब्याचे किंवा चांदीचे भांडेही चालेल. नारळ आणि अक्षतांचे तांदूळ तिकडेच घ्यायला मित्राला सांगा.

लग्नात घालायचा एक जोड कपडे, पैठणी, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी पेटी मागे राहिली तरी लग्न अडायला नको. दागिने नेणार असाल तर मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडे दाखवून निर्यात दाखला घ्या, म्हणजे परत येताना 'हे कुठून आणले' हा प्रश्न उरत नाही. विमानात बसून बसून पाय सुजतात आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दर दोन तासांनी उठून चार पावले चाला, पाणी पीत राहा.

परतताना मोह होईल. मित्राच्या बागेतली एखादी काडी, चार बिया खिशात घालून आणाव्यात, आपल्या मळ्यात लावून पाहाव्यात, असे वाटेल. आणू नका. बी आणि कलमे आणायला आपल्याकडेही २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. एका काडीपायी शिवारभर रोग पसरला तर त्याची भरपाई कोणी करू शकत नाही. बागेत फिरा, छाटणी कशी करतात, माल कसा भरतात ते पाहा, वहीत लिहून आणा. त्याला कोणी अडवत नाही.

शेवटी घरी राहणाऱ्यांविषयी. निघण्याआधी पाण्याच्या पाळ्या, औषधांच्या फवारण्या, कोणाला किती मजुरी द्यायची, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर, हे सगळे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. भाव ठरवण्याचा अधिकार त्यांना देऊन जा आणि तिकडून फोन करून त्यात हात घालू नका. आणि त्यांच्यासाठी काही तरी घेऊन या. अक्षता तुम्ही टाकणार आहात, पण त्या टाकायला तुम्हाला मोकळे त्यांनी केले आहे. आहेरावर नाव घालाल तेव्हा त्यांचेही घाला.

बरे आहे मंडळी. मुंबईचे विमान रात्रीचे असले तरी घर दुपारीच सोडा. रामराम.